एकोणपन्नास टोले

“वाच की रं शामू. काय लिवलंय?”

सगुणामावशींनी घडी घातलेली चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. चर्चमधली उपासना संपली होती, पण लोक अजून बाकांवरच होते. चौऱ्याहत्तर सालचा पहिला रविवार. पुढे पाळकीणबाई दानाची रिकामी झोळी झटकत होत्या, आणि ज्याला त्याला आपल्या चिठ्ठीतलं नाव शेजाऱ्यापासून लपवायची घाई झाली होती.

ही पद्धत आमच्या मंडळीत मकासरे पाळकांनी आणली. वर्षाच्या पहिल्या रविवारी प्रत्येकानं घरून आपल्या नावाची चिठ्ठी आणायची आणि झोळीत टाकायची. मग झोळी मागच्या बाकापासून पुढे फिरायची आणि एकेकानं चिठ्ठी उचलायची. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी वर्षभर रोज प्रार्थना करायची आणि कुणाला सांगायचं नाही. वर्षाच्या शेवटच्या रविवारी प्रीतिभोजनाआधी उभं राहून नाव सांगायचं. स्वतःचंच नाव आलं तर चिठ्ठी परत टाकून दुसरी घ्यायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी कुणा एकाकडून वाचून घ्यायची.

मला माझीच चिठ्ठी आली होती. परत टाकायची तर शेवटच्या बाकावरून उठून, अठरा बाकं ओलांडून, सगळ्यांच्या देखत पुढे जावं लागलं असतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. गावच्या वाचनालयात मदतनीस होतो आणि दिवसातून दहा वाक्यं बोललो तर खूप झालं असं वाटायचं. जाऊ की नको जाऊ करता करता झोळी रिकामी झाली, आणि चिठ्ठी माझ्या मुठीत तशीच राहिली.

त्यात आता ही मावशींची चिठ्ठी. खाकी कागदाच्या तुकड्यावर जाड पेन्सिलीनं लिहिलेलं नाव मी मनातल्या मनात वाचलं.

एलीया रणदिवे.

सगुणामावशी आमच्या चर्चची झाडलोट करायच्या आणि घंटा वाजवायच्या. घंटेचा दोर शेवटच्या बाकामागे होता, म्हणून त्या माझ्या शेजारी बसायच्या. कुणी वारलं तर जितकं वय तितके टोले द्यायचे, अशी आमच्याकडची जुनी रीत. दोर ओढता ओढता मावशींच्या हातून आकडा निसटायचा, म्हणून त्यांचे यजमान भानुदास बाहेर पायरीवर बसून मोठ्यानं मोजायचे. भानुदास प्यायचे. पण कितीही प्यायलेले असले तरी टोला कधी चुकला नाही, असं जुने लोक सांगत. पिण्यापायी त्यांना प्रभुभोजनाच्या विधीतून बंद केलं होतं, आणि तशा बंदीतच ते वारले. त्या वेळी मंडळीला पाळक नव्हता. थोरले पंच म्हणून शिंपीकाम करणारे एलीयामास्तर रणदिवे यांचाच शब्द चालायचा. त्यांनी सांगितलं, मंडळीच्या शिस्तीखाली असलेल्या माणसासाठी घंटा वाजणार नाही. दोर त्यांनी वर गुंडाळून ठेवला. गावातल्या प्रत्येक मयताला टोले देणाऱ्या बाईनं आपल्या नवऱ्याला घंटेशिवाय पुरलं.

त्याला सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत मावशींनी मास्तरांचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मास्तर बसत तो बाक त्या झाडायच्या, पण तिथून पाठमोऱ्या होऊन पुढे सरकायच्या.

“वाचतोस का अडलास?” मावशी म्हणाल्या.

“शमुवेल उजागरे,” मी म्हणालो.

“म्हंजी तू?”

“मी.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी खाली पाहिलं.

“बरं. दे माझी चिठ्ठी.”

मी मुठीतली चिठ्ठी त्यांना दिली, माझी. खाकी कागद खिशात घातला. खोटं बोललो होतो, तेही चर्चमध्ये आणि प्रार्थनेच्या कामात. पण हिशेब जमला असं वाटलं. मावशींची सुटका झाली, माझीही झाली. मास्तरांसाठी काय, मी करीन प्रार्थना. मनातल्या मनात तर करायची.

तिसऱ्या दिवशी सगुणामावशी वाचनालयाच्या दारात उभ्या. चपला बाहेर काढल्या होत्या. वर्तमानपत्र वाचणारे चार म्हातारे माना वर करून बघू लागले.

“शामू, काय मागू?”

“कुणाकडे?” मी घाबरून विचारलं.

“देवाकडं! आणि कुणाकडं? तुझ्यासाठी प्रार्थना करायची तर नेमकं ठावं पायजे. काय पायजे तुला?”

“काही नाही मावशी. सगळं ठीक आहे.”

“सगळं ठीक हाय म्हणून सांगितलं तर त्यानं करायचं काय? बसून ऱ्हायचं?” त्यांनी पदर खोचला. “एक सांग. एकच.”

म्हातारे ऐकत होते. मी हळूच म्हणालो, “धीर.”

“कशासाठी?”

“चारचौघांत बोलायला.”

“त्ये तर दिसतंयच,” मावशी म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या.

दोन महिन्यांनी पाळकसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, येत्या रविवारी बायबलमधला शास्त्रपाठ तू वाचायचास. नंतर कळलं, हे काम मावशींचं.

“देवाला सांगितलं,” त्या म्हणाल्या, “आणि पाळकसायबांनाबी सांगितलं. दोघांतला एक तरी ऐकंल.”

त्या रविवारी माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचला असेल नसेल. चौथी ओळ वाचत होतो, तर मागून, अगदी दोराजवळून, हाक आली, “मोठ्यानं!” सगळी मंडळी हसली. पाळकसाहेबही हसले. मी उरलेला पाठ कसा वाचला ते मला आठवत नाही. उपासना संपल्यावर मावशींनी माझ्या पाठीवर थाप मारली. “पुढच्या बारीला पाचव्या बाकापातूर,” म्हणाल्या.

आता माझं काम. मास्तरांसाठी काय मागायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. पण मावशींना नेमकं लागतं, तर देवालाही लागत असणार. म्हणून मी गरज नसताना एक सदरा शिवायला टाकला.

रणदिवे टेलर्स हे दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. मास्तर एकटेच असायचे. मी कापड घेऊन गेलो, तेव्हा ते सुई आणि दोरा नाकासमोर धरून बसले होते. दोरा सुईच्या डावीकडून जायचा, मग उजवीकडून. मला पाहताच त्यांनी दोन्ही हात मांडीखाली नेले.

“काय रे ग्रंथपाल?”

“सदरा, मास्तर.”

त्यांनी माप घेतलं. टेप डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मी विचारलंच नसतं, पण नुसतं उभं राहणंही जमेना. मी टेबलावरची सुई उचलली, दोरा ओवला आणि परत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी वाचनालय दुपारी बंद झाल्यावर मी पुन्हा गेलो. सहा सुया ओवून सुयांच्या गादीत टोचून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं.

“कुणाला बोलू नकोस,” ते म्हणाले. “शिंप्याचे डोळे गेले म्हटल्यावर गिऱ्हाईक फिरकत नाही.”

“नाही बोलत. पण मास्तर, चष्मा?”

“चष्मा म्हाताऱ्यांना.”

ते एकसष्ट वर्षांचे होते.

अशी माझी रोजची प्रार्थना ठरली. सकाळी गुडघे टेकून, ‘प्रभू, मास्तरांच्या डोळ्यांना सांभाळ,’ आणि दुपारी सहा सुया. खरं सांगायचं तर सकाळपेक्षा दुपारवर माझा विश्वास अधिक होता. त्याचंही मला वाईट वाटायचं.

पावसाळ्यात एका दुपारी चर्चची घंटा सुरू झाली. थोरात गुरुजींच्या आई वारल्या होत्या. मास्तरांनी मशीन थांबवलं. चाकावर हात ठेवून ते शेवटच्या टोल्यापर्यंत तसेच बसून राहिले.

“किती झाले?” त्यांनी विचारलं.

“मोजले नाहीत मी.”

“त्र्याऐंशी. मी दर वेळी मोजतो.” थोडा वेळ ते नुसते खाली पडलेल्या कापडाच्या चिंध्या पायानं गोळा करत राहिले. “भानुदास एकोणपन्नासचा होता. मी नोंदवहीत पाहिलं होतं. शिस्त म्हणून केलं मी ते. शिस्त बरोबरच होती, शामू. मी चुकलो.”

“मग मावशींना सांगा ना तसं.”

“जवळ गेलो की ती झाडू उचलते.”

“झाडणं कामच आहे त्यांचं.”

“तसा नाही उचलत,” मास्तर म्हणाले आणि पुन्हा मशीन चालू केलं.

त्या दिवसापासून माझी झोप कमी झाली. मला जे कळलं होतं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. याबद्दल मास्तरांना वचन दिलं नव्हतं, पण माणूस सुई ओवणाऱ्याला सांगतो ते गावात वाटायला नव्हे, एवढं मला समजत होतं. म्हणून मी फक्त प्रार्थना केली. ती प्रार्थना मला शब्दशः आठवते, कारण तिची लाज अजून वाटते. ‘प्रभू, या दोघांची भेट घडव. आणि मला मध्ये घालू नकोस.’

मग सप्टेंबरात पाळकसाहेब उपदेशात चिठ्ठ्यांबद्दल बोलले. “तुम्हाला वाटतं तुम्ही चिठ्ठी उचलली. मला वाटतं ती तुमच्याकडे पाठवली गेली.” एवढंच, मग ते दुसऱ्या विषयाकडे वळले. मी मात्र तिथेच अडकलो. खाकी चिठ्ठी मावशींकडे पाठवलेली होती. मी दुसऱ्याचं पत्र वाटेत अडवून स्वतःच्या खिशात ठेवलं होतं. मी त्यांना त्रासातून वाचवलं की त्यांच्या हातातलं काही काढून घेतलं? सात वर्षं बंद असलेलं दार त्या वर्षी उघडायचं असेल, आणि मीच त्याला पाठ लावून उभा राहिलो असेन तर? अशा वेळी पुस्तकं कामाला येत नाहीत. मी चाळून पाहिली.

सांगायचं ठरवून मी चार वेळा गेलो. एकदा मावशी समया घासत होत्या, एकदा नळावर भांडत होत्या. दोनदा माझाच धीर झाला नाही. नाताळ येऊन गेला. शेवटचा रविवार दोन दिवसांवर आला, तेव्हा मी शुक्रवारी दुपारी मास्तरांकडे न जाता सरळ चर्चमध्ये गेलो. मावशी नाताळचे कागदी तारे काढून पेटीत भरत होत्या.

“मावशी, एक बोलायचंय.”

“बोल.”

“त्या चिठ्ठीवर माझं नाव नव्हतं.”

“मला ठावं हाय,” मावशी म्हणाल्या. “त्यो तारा दे इकडं. दुमडू नकोस.”

मी तारा दिला. बाकावर बसलो.

“कसं ठावं?”

“म्या तुला खाकी कागद दिला व्हता. तू मला पांढरा परत दिलास. वाचता येत न्हाई मला, पर डोळे हायेत की रं!” त्या एकदम हसायला लागल्या. “एवढी पुस्तकं वाचतोस आन् एवढंबी कळंना? आन् खाकी कागद आणणार कोन? सगळे वहीचं पान फाडत्यात. कापडाची मापं काढायचा कागद एकाच्याच घरात.”

“मग तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?”

त्यांचं हसणं थांबलं. त्या माझ्यापासून दोन हात लांब बाकावर टेकल्या.

“बरं वाटलं मला. तू खोटं बोललास आन् मला बरं वाटलं. म्हनलं, देवानंच सोडवलं. आता याच्यासाठी प्रार्थना करायची, पोरगं गरीब हाय, सोपं हाय.” त्यांनी पेटीचं झाकण लावलं, परत उघडलं. “पर रोज सकाळी तुझं नाव घेतलं की मागून त्ये दुसरं नाव यायचं. ढकललं तरी यायचं. म्हंजी तू चिठ्ठी ठिवून घेतलीस, पर नाव काय माझ्याकडून गेलं न्हाई.”

“मग?”

“मग काय. आखाडापातूर ढकललं. मग एक दिवस दमले. म्हनलं, शामूला धीर दे, आन् त्यालाबी बघ. एवढंच. नाव न्हाई घेतलं. ‘त्यालाबी बघ.’ तवापासनं रोज म्हणते. त्याच्या वर काय होत न्हाई माझ्यानं.”

मास्तरांनी दुकानात काय सांगितलं होतं, ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. आजही मला कळत नाही की बरोबर केलं की नाही. एवढंच म्हणालो, “तुमची चिठ्ठी माझ्याकडे आहे. मीपण वर्षभर प्रार्थना केली त्यांच्यासाठी.”

“म्हंजी त्याला दोन दोन जणं!” मावशी म्हणाल्या. “तरी त्याचं तोंड तसंच.”

“परवा काय सांगणार तुम्ही?”

“बघू. तोंडात काय येतंय त्ये.”

रविवारी उपासनेनंतर सगळे चर्चसमोरच्या मांडवात बसले. मटणाच्या रश्शाचा वास सुटला होता, त्यामुळे नावं भराभर सांगितली जात होती. कुणी उठायचं, नाव सांगायचं, ते माणूस लाजायचं, टाळ्या पडायच्या. मास्तर उठले. त्यांच्याकडे थोरात गुरुजींचं नाव होतं. मास्तर म्हणाले, “मी रोज नाही केली. पण बहुतेक रोज.” लोक हसले. ते खाली बसले.

मग मावशींची पाळी आली.

“माझ्याकडं दोन नावं व्हती,” त्या म्हणाल्या.

“दोन कशी?” पाळकीणबाईंनी विचारलं.

“एक शामू. त्याला धीर मागितला. अजून पुरता आल्याला न्हाई, पर यायलाय.” टाळ्या पडू लागल्या. मावशींनी हात वर करून त्या थांबवल्या. “आन् दुसरं.” त्या थांबल्या. मांडवात पातेल्यावरचं झाकण कुणी तरी हलकेच ठेवल्याचा आवाज झाला. “दुसरं, एलीया रणदिवे.”

सात वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. कुणी टाळी वाजवली नाही. त्या लगेच खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसू लागल्या, जसं काही तिखट खाल्लं होतं.

माझ्याकडे सगळ्यांची नजर वळली, कारण पुढची पाळी माझी होती. मी उठलो. “माझ्याकडेही रणदिवे मास्तर होते,” मी म्हणालो. “चूक माझी आहे. चिठ्ठी मावशींची होती.” पाचव्या बाकापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात म्हणालो असेन.

मास्तर उभे राहिले. आधी वाटलं ते घरी निघाले. पण ते पाळकसाहेबांपुढे गेले.

“पाळकसाहेब, घंटेबद्दल विचारायचंय. भानुदास त्रिभुवनची राहिलीय.”

“मला काय विचारता?” पाळकसाहेब म्हणाले. “त्यांना विचारा.”

मास्तर मांडव ओलांडून मावशींसमोर गेले. चष्मा नव्हता, म्हणून जरा जास्तच जवळ जाऊन उभे राहिले. मावशींच्या हाताशी त्या दिवशी झाडू नव्हता.

“सगुणाबाई, चूक झाली माझी. भानुदासचे एकोणपन्नास टोले राहिलेत.”

मावशींनी वर पाहिलं नाही. तशाच म्हणाल्या, “मोजील कोन?”

मोजणारा पायरीवर बसायचा आणि तो गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

“मी मोजतो,” कुणी तरी म्हणालं. तो मी होतो.

आम्ही तिघं चर्चमध्ये गेलो. बाकीचे मांडवात उभे राहिले. मावशींनी दोर धरला. मी पायरीवर उभा राहिलो, दाराच्या अगदी मध्ये, म्हणजे आतही ऐकू जावं आणि बाहेरही. पहिला टोला पडला.

“एक,” मी म्हणालो. “दोन.”

“मोठ्यानं!” आतून मावशी ओरडल्या.

“तीन!” मी ओरडलो. मांडवातली पोरं दचकली. मग मला थांबताच येईना. दहा, अकरा, वीस. रस्त्यावरचे लोक फाटकाशी जमू लागले. एकतीसला टोला उशिरा आला आणि बारीक आला. मी मागे वळून पाहिलं. मावशी दमल्या होत्या. मास्तरांनी पुढे होऊन त्यांच्या हातांच्या खाली दोर धरला. मावशींनी हात काढला नाही, त्यांचाही काढू दिला नाही. बत्तिसावा टोला असा पडला की वरून कबुतरं उडाली.

फाटकाशी सायकल टेकून एक दूधवाला उभा होता. एकोणपन्नास संपल्यावर मास्तर बाहेर आले, तेव्हा त्यानं विचारलं, “कोण गेलं हो?”

“भानुदास त्रिभुवन.”

“ते तर केव्हाच गेले ना?”

“हो,” मास्तर म्हणाले. “उशीर झाला.”

मावशी पायरीवर बसल्या, भानुदास बसायचे त्याच जागी. तळहात लाल झाले होते, त्यावर फुंकर घालत होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “काय रं, घसा बसला व्हय?”

मी मान हलवली. खरोखरच बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा.